रस्त्यावरून हाक मारणे बंद

॥ श्री ॥
डोंबिवली (पूर्व),
३० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. रघुमामा यांस,
समिधाचा शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुम्हाला महिनाभर मौन पाळायला सांगितलं हे ऐकून आधी धसकाच घेतला आणि मग, खोटं कशाला बोलू, हसूही आलं. पहाटे साडेपाचला जिन्याच्या तळाशी उभं राहून तुम्ही पाणी आल्याची हाक दिली नाही, तर बिल्डिंगमधले चोवीस नळ सुटणार कसे? बावीस वर्षं चेअरमन असलेला माणूस गप्प म्हणजे कोपरीत भूकंपच. मामी म्हणाली, पहिल्या दिवशी निम्मी बिल्डिंग पाण्यावाचून राहिली आणि दोघंतिघं तर तुम्ही आहात ना, ते बघायला वर आले.

फोनवर तुम्ही बोलायचं नाही आणि तुमच्या बटणांच्या फोनवर लांब मेसेज तुम्हाला दिसत नाही, म्हणून हे पत्र. तुमच्या जावयाचं ऑफिस ठाण्यातच, वागळे इस्टेटला, तेव्हा यापुढे सलिल आपला पोस्टमन.

घशातल्या गाठीचं मामीने सगळं सांगितलं. डिसेंबर संपायच्या आत स्वरयंत्र काढलं तर माणूस वाचतो, आणि तुम्ही मान हलवून नाही म्हणालात. त्यावर मी एक अक्षरही लिहायचं नाही अशी शपथ तिने मला घातली आहे. हे अक्षर नव्हे, परिच्छेद आहे.

खरं काम निराळंच. माझी शाळेतली मैत्रीण उर्वी तुम्हाला आठवते? तिने अमेरिकेत लग्न केलं, युटा नावाच्या राज्यात. तिच्या नवऱ्याचे खापरपणजोबा मॉर्मन पंथाचे सुरुवातीच्या काळातले एक पुढारी होते. हा ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ, निघून दोनशे वर्षं होत आली. लोकांनी छळलं म्हणून ते बायकापोरं आणि बैलगाड्या घेऊन डोंगरांपलीकडच्या ओसाड खोऱ्यात गेले आणि तिथे गावं वसवली. अशा एका गावाचे हे बिशप. नाव ओबेद व्हिटलॉक. त्यांच्या डायरीची एक वही घरात सापडली, तिच्या पानांच्या प्रती उर्वीने मला पाठवल्या आहेत. उर्वीच्या आईला इंग्रजी येत नाही, पण जावयाचं घराणं तर कळायला हवं, म्हणून उर्वी घरातल्यांपुरतं मराठी पुस्तक छापणार आहे आणि भाषांतर माझ्याकडे.

अडचण एकच. ओबेदसाहेबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये तुम्ही मोडी आणि गोऱ्या साहेबांची शेरेबाजी वाचलीत, तेव्हा पहिली वीस पानं आणि माझं भाषांतर तपासायला पाठवते आहे. लाल पेन्सिल काढा.

मामीला नमस्कार. लोभ तर आहेच, लाल पेन्सिलीतून तो थोडा कमी दिसला तरी चालेल.

आपली,
समिधा


कोपरी, ठाणे (पूर्व),
६ डिसेंबर २०२४

चि. सौ. समिधा हिस,
रघुमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं भाषांतर वाचलं. मराठी चांगलं आहे. बरोबर आहे असं मी म्हटलेलं नाही.

पान चारवर ओबेदराव लिहितात, ‘थर्सडे. फास्ट.’ तू त्याचं केलंस, ‘गुरुवार. दिवस भरकन गेला.’ पान नऊवर पुन्हा तेच, पान पंधरावर पुन्हा. या माणसाचे सगळे गुरुवारच का भरकन जात होते, हा प्रश्न तुला पडला नाही? डोंबिवलीकरांना फास्ट म्हटलं की एकच गोष्ट आठवते, ती डोंबिवलीनंतर थेट ठाण्याला थांबते.

मलाही लगेच कळलं होतं असं नाही. काल मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. तुझ्या मामीने सकाळी घट मांडला, आंब्याची पानं लावली आणि माझ्यापुढे चहा ठेवून स्वतः कोरडीच फिरत राहिली. मी पाटीवर लिहून विचारलं, तू का घेत नाहीस? तिने माझ्याकडे असं पाहिलं की बावीस वर्षांचं चेअरमनपद विरघळलं. गुरुवार आहे ना, उपवास नाही का, म्हणाली. आणि मी उठलो, कपाटातून डिक्शनरी काढली. फास्ट म्हणजे उपवास गं! ओबेदराव दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी उपवास करत होते. सात समुद्रांपलीकडे, दीडशे वर्षांपूर्वी, गुरुवारीच. अंगावर काटा आला.

पण खरा काटा पुढे आहे. आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, वर शेंगदाण्याची आमटी. त्यांच्या गावात त्या दिवशी सगळं गाव दोन वेळचं जेवण सोडी आणि वाचलेलं पीठ, पाव, भोपळा, जे असेल ते बिशपच्या घरी आणून देई. दिवस कलायच्या आत बिशप ते ज्याच्या चुलीत विस्तव नाही त्याच्या दारात पोचवी. डायरीत कौतुकाचा एक शब्द नाही. नुसतं लिहितो, ‘विधवा पेरीकडे पीठ. तिचं लाकूड फोडून दिलं. परत आलो.’ आपण उपवास देवाला दाखवायला करतो. या माणसाने उपवासाचं पोट भरून दाखवलं. मी पानं खाली ठेवून हात जोडले.

मामीने हे वाचलं आणि मला न विचारता दुपारचे तांदूळ नि डाळ एका डब्यात भरून चौदा नंबरच्या आवडाबाईंना देऊन आली. चेंदणीच्या त्या कोळीण म्हातारीला तू पाहिलं आहेस. एकट्या राहतात. रोज नळ सोडून ठेवतात, बादली वाहते, पाणी जिन्यातून खाली येतं आणि मी खालून ओरडतो. वर्षानुवर्षं ओरडतो आहे. अशा बाईला डाळ-तांदूळ! पण मौन असल्यामुळे मला हरकत घेता आली नाही.

तुझ्या परिच्छेदाचं उत्तर. माझा आवाज हीच माझी शिल्लक आहे, समिधा. रेकॉर्ड रूमने मला पेन्शन दिलं, मान दिला नाही. मान या जिन्याने दिला. मी हाक मारली की चोवीस घरं उठतात, गणपतीत मी आरती उचलली की टेंभी नाक्याचे पाहुणेसुद्धा वळून बघतात. गळ्याला भोक पाडून खुर्चीत बसलेला रघुनाथ मला बघायचा नाही. तेव्हा हा विषय इथे संपला.

पुढची पानं पाठव. आशीर्वाद पोटभर आहेत, उपवासाचे नाहीत.

तुझा,
रघुमामा


डोंबिवली (पूर्व),
९ डिसेंबर २०२४

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवस भरकन गेला! लाजेने माझा तर जाता जाईना. उर्वीला कळवलं, ती हसून हसून बेजार. तिच्या सासरी अजून महिन्यातून एकदा तो उपवास करतात, आता फक्त रविवारी. मामीला माझ्याकडून साष्टांग नमस्कार. रेकॉर्ड रूम जिथे अडली तिथे घट कामाला आला.

तुम्ही ओबेदराव म्हणायला लागलात, तेव्हा मीही तेच म्हणते. पुढची वीस पानं काळजीपूर्वक केली आहेत. मामा, केवढा हा माणूस! बिशप म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे झगा, टोपी, हातात काठी. यांच्यात बिशप म्हणजे गावातलाच शेतकरी, पगार शून्य. चारला उठतो, गाई पिळतो, मग ‘कॅप्टन’ नावाच्या घोड्यावर बसून साऱ्या गावाला फेरी. न उतरताच रस्त्यावरून प्रत्येक घराला हाक मारतो. सरपण आहे का, आजारी कोण, भांडण कुणाचं. हे वाचताना मला कोण आठवलं ते सांगायला नको. दुपारी शेत, संध्याकाळी गावाच्या कोठारात लोकांनी पंथाला द्यायचा दशांश म्हणून आणलेली अंडी, कोंबड्या, काकवी घेणं. आणि रविवारी सभेत बोलणं. त्या रविवारच्या भाषणाची त्याला एवढी धास्ती की शनिवारच्या प्रत्येक नोंदीत पोट बिघडलेलं आहे.

एक गंमत. ‘आजपासून तंबाखू सोडली’ हे वाक्य तीन वर्षांत सात वेळा आलंय. त्यांच्या पंथात तंबाखू वर्ज्य, आणि बिशप खिशात चंची घेऊन फिरतोय. आठव्यांदा मात्र ते वाक्य नाही, फक्त ‘चंची ओढ्यात टाकली’. तुमची चंची मामीने कुठे टाकली ते मला ठाऊक आहे, पण वेळ निघून गेल्यावर टाकली, याचं वाईट वाटतं.

आणि दुसरी गोष्ट मामीला बेताने सांगा. त्यांना दोन बायका होत्या. मार्था आणि ल्यूसी. त्या काळी त्या पंथात चालत असे. एक आठवडा या घरी, एक त्या घरी. उर्वीने आईला हे अजून सांगितलेलं नाही, पुस्तकातूनच कळेल म्हणते.

मी शपथ पाळते आहे, मामा. पण कॅलेंडर माझ्या टेबलासमोरच आहे.

लोभात खंड पडू देऊ नये, पत्रातही नको.

आपली,
समिधा


कोपरी,
१४ डिसेंबर २०२४

चि. सौ. समिधास आशीर्वाद.

मामीला बेताने सांगितलं. ती म्हणाली, इथे एक निभावता निभावत नाही, आणि भाकरी परतायला गेली. मग दारातून परत येऊन विचारलं की दोघींपैकी उपवासाच्या दिवशी कुणाच्या घरी जेवायचा. मी लिहिलं, त्या दिवशी कुणाच्याच नाही. तेवढं बरं, म्हणाली.

तुझं पान सव्वीस मी चार वेळा वाचलं. तुझ्या भाषांतरात एकही चूक नाही, म्हणून नव्हे. ओढ्याच्या पाण्याच्या पाळ्या बिशप लावून देतो. गिब्ज नावाचे दोघे सख्खे भाऊ पाळीवरून फावडी घेऊन एकमेकांवर उठतात. ओबेदराव तिथे जातो, दोघांच्या मधे बांधावर बसतो. उपदेश नाही, निवाडा नाही. सूर्य डोक्यावर येईपर्यंत बसून राहतो आणि मग उठून स्वतःच्या शेताच्या पाटाचं दार बंद करून आपली पाळी धाकट्याला देऊन टाकतो. लिहितो काय, तर ‘माझा मका यंदा जाईल. भाऊ एकत्र जेवले.’

आता मी तुला एक सांगतो, जे कुणालाच सांगितलेलं नाही. पहाटे व्हॉल्व्ह मीच उघडतो. पाणी आल्याची हाक देण्याआधी माझ्या घरचं पिंप भरलेलं असतं. बावीस वर्षं. मामीला वाटतं आपल्या नळाला जोर जास्त. आणि त्यानंतर मी जिन्यात उभा राहून काटकसरीवर व्याख्यान देत असे. ओबेदरावाचा मका वाचला आणि मला घरातलं पिंप बघवेना. मोठा माणूस म्हणजे काय, हे मला सत्तरीला टेकल्यावर एका परदेशी शेतकऱ्याच्या अक्षरातून कळावं! काल पहिल्यांदा मी आधी सगळे मजले सोडले आणि शेवटी आपला नळ उघडला. अर्धंच पिंप मिळालं. मामीने प्लंबरला बोलावलं आहे.

पण मी आंधळा भक्त नाही. पान एकतीस बघ. ‘ल्यूसी रडली. का, ते विचारलं नाही.’ एवढंच. साऱ्या गावाला हाक मारून सरपण विचारणारा माणूस, आणि आपल्या घरात हे! त्या जागी मी लाल पेन्सिलीने उभी रेघ मारली आहे. भाषांतरासाठी नाही, ओबेदरावासाठी. विचारायला हवं होतं त्याने.

परवा डॉक्टरांकडून फोन आला होता. मामीने घेतला. मी पाटीवर ‘बघू’ लिहिलं.

थंडी आहे, संध्याकाळी बाहेर पडताना कान बांधत जा. माया आहे ती आहेच, कमी झाली तर पाण्याच्या पाळीसारखी कळवीन.

तुझा,
रघुमामा


डोंबिवली (पूर्व),
१८ डिसेंबर २०२४

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मी आज शपथ मोडते आहे. पाप मला लागू दे.

काल मामीचा फोन आला होता. ओल्या नारळाच्या वड्यांचं प्रमाण विचारायला म्हणून केला आणि मधेच रडायला लागली. शेवटी म्हणाली की तुम्ही तिला काही विचारत नाही, ती तुम्हाला काही विचारत नाही, आणि मधे पाटी पडलेली आहे. मामा, ल्यूसीच्या त्या ओळीवर तुम्ही उभी रेघ मारलीत. तीच रेघ थोडी कोपरीपर्यंत ओढा.

मधली वीस पानं मागाहून पाठवते, आता सोबतचं हे पान एकसष्ट. कागद नेमका घडीवर विरलेला आहे, तरी भिंग घेऊन मी वाचलं. वाचून खुर्चीतून उठले आणि सलिलला हाक मारली. ओबेदराव लिहितात:

‘या हिवाळ्यात माझा आवाज गेला. आता रस्त्यावरून हाक मारणे बंद. लोकांच्या घरात जावे लागेल.’

बस. एवढंच. रडगाणं नाही, राजीनामा नाही. आणि उर्वीकडच्या वंशावळीत लिहिलंय की त्यानंतर आणखी अकरा वर्षं ते त्या गावाचे बिशप होते. ज्या माणसाची हाक हीच सत्ता होती त्याची हाक गेली, आणि त्याने दुसऱ्या दिवशी चालायला सुरुवात केली. मला हे वाचून देवळात उभं राहिल्यासारखं झालं. हे पान आत्ता, याच महिन्यात, माझ्या हातात यावं हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर वाटो.

मामा, आम्हाला तुमची हाक नको. आम्हाला तुम्ही हवे आहात. पुढच्या गणपतीत आरती दुसरा कुणीतरी बेसूर म्हणेल, आणि तुम्ही समोर बसून त्याच्याकडे रागाने बघायला हवं.

सोबत शेवटची सात पानं आहेत. शिसपेन्सिलीने लिहिलेली, इतकी फिकट की मला एक ओळही लागत नाही. ती तुम्हीच वाचा.

आज लोभ मागत नाही, तुमचा होकार मागते.

आपली,
समिधा


कोपरी,
२१ डिसेंबर २०२४

चि. सौ. समिधास आशीर्वाद.

शुक्रवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी. डॉक्टरांना मामीने कळवलं आहे.

तुझं पत्र वाचलं त्याच दुपारी तिला विचारलं. पाटीवर नाही. मौन मोडलं, डॉक्टरांना सांगू नकोस. तिने काय उत्तर दिलं ते तुझ्या पुस्तकात छापण्यासारखं नाही, पण त्यानंतर नाही म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही.

पान एकसष्ट परत पाठवतो आहे. त्यावर लाल पेन्सिल लागलेली नाही हे पाहून तुला आनंद होईल. शेवटची सात पानं माझ्याकडे राहू देत. वाचून झाली आहेत, पण ती सावकाश लिहून देईन.

ऑपरेशनआधी गुरुवारी संध्याकाळपासून पोटात काही घ्यायचं नाही. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. थर्सडे. फास्ट. दिवस भरकन जावा एवढीच इच्छा.

तुझ्या लग्नात मी मंगलाष्टकं म्हटली होती. सलिलने तेव्हा रेकॉर्ड केली असतील, तर मामीसाठी एक प्रत काढून ठेव.

तुझा,
रघुमामा


डोंबिवली (पूर्व),
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुम्हाला पाहून आले ते अजून डोळ्यांपुढे आहे. गळ्याला पांढरा रुमाल आणि तरी खिडकीतून कुणी पाईपने गाडी धुतंय का, यावर नजर. डॉक्टर म्हणाले तसं सगळं निघालंय, हे ऐकून मी जिन्यातच रडून घेतलं. वर आल्यावर डोळे लाल का, ते तुम्ही पाटीवर विचारलंत. विचारलंत, हे लक्षात ठेवलंय.

मंगलाष्टकं मामी रोज लावते असं कळलं. एकदा तुम्ही चुकलात तिथे हसते म्हणे.

पुस्तक तयार आहे. फक्त तुमच्याकडची सात पानं राहिली आहेत, त्यावाचून छपाई अडली आहे. पान एकसष्ट मी एका स्वतंत्र पानावर घेतलंय, वर-खाली कोरं ठेवून. उर्वीच्या नवऱ्याला मी ते फोनवर वाचून दाखवलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं म्हणाला की आजोबांचा आवाज गेला होता. आता उर्वीच्या सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत. आणि अर्पणपत्रिकेत तुमचं नाव आहे, नाही म्हणायचं नाही.

लोभ असा की जो जिना उतरून डोंबिवलीला येईल, त्याची वाट बघते आहे.

आपली,
समिधा


कोपरी,
८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. समिधास,
रघुमामाचे पुष्कळ आशीर्वाद.

छपाई थांबव. सासूबाईंनाही थांबव.

तो शब्द आवाज नाही. घोडा आहे.

शांतपणे पान एकसष्ट काढ आणि भिंग घे. पहिलं अक्षर घडीत गेलंय, पण घडीच्या वर एक बारीक दांडा डोकावतो. ‘व्हॉइस’मधल्या व्हीला दांडा नसतो, ‘हॉर्स’मधल्या एचला असतो. मधे तू आय वाचलास तो आर आहे, त्याच्यावर टिंब नाही. ‘या हिवाळ्यात माझा घोडा गेला.’ कॅप्टन मेला गं, बर्फात. रस्त्यावरून, न उतरता हाक मारणं बंद झालं ते म्हणून. शेवटच्या सात पानांत तर सरळच आहे: ‘मंडळी दुसरा घेऊन देतो म्हणाली. नको म्हटले.’ आवाज कुणी वर्गणी काढून घेऊन देत नाही.

हे मला एकोणीस डिसेंबरलाच, तुझं पत्र उघडल्यावर पाच मिनिटांत कळलं होतं. चौतीस वर्षांत मी कुणाचं चुकलेलं अक्षर पुढे जाऊ दिलं नाही. ते पहिलंच. लाल पेन्सिल उचलली होती, खरं सांगतो. घोडाच आहे, तेव्हा माझा त्याच्याशी काय संबंध, असं म्हणून सुटायची चांगली सोय झाली होती. मग म्हटलं, आधी सात पानं तर वाचू.

ती वाचली आणि लाल पेन्सिल खाली ठेवली. त्यांची नक्कल सोबत आहे. चाळीस घरं, बर्फ, आणि पन्नाशी उलटलेला माणूस पायी. घोड्यावरून हाक मारली की घरातून उत्तर यायचं, सगळं ठीक आहे. आत जाऊन बसला तेव्हा त्याला दिसलं की पेरीबाईच्या चुलीत दोन दिवस विस्तव नव्हता आणि ती तेव्हाही ठीक आहे असंच ओरडून सांगत होती. लिहितो, ‘नऊ वर्षे मी या दारावरून गेलो. आज आत आलो.’ आणि अगदी शेवटच्या पानावर, पुसट, अर्धी ओळ: ‘ल्यूसीला विचारले.’

माझी उभी रेघ मी खोडून काढली. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची माफी मागायची मला दुसरी रीत ठाऊक नाही. मग स्वयंपाकघरात गेलो आणि तुझ्या मामीला विचारलं. तेव्हा घोडा काय नि आवाज काय, ज्याचं जे गेलं त्याने चालायला लागायचं.

आता माझं ऐक. बिल्डिंगच्या लोकांनी गळ्याला लावून बोलायचं यंत्र घेऊन द्यायचं ठरवलं आहे. मी पाटीवर लिहिलं, एवढ्यात नको. डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला सांगितलंय, म्हणून गेले दहा दिवस मी पहाटे व्हॉल्व्ह सोडतो आणि एकेक मजला करत दारं वाजवत जातो. दम लागतो तिथे जे दार उघडेल त्यात शिरून बसतो. बावीस वर्षांत मी यातली निम्मी घरं आतून पाहिली नव्हती. पाच नंबरात आजारी माणूस आहे, अकरामधल्या पोरीचं लग्न मोडलं होतं. मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी बिल्डिंग चालवतो.

मंगळवारी चौदा नंबरच्या दाराशी दम लागला. आवडाबाईंनी आत बसवलं, पाणी दिलं. पाण्याचा पेला माझ्या हाताऐवजी माझ्या शेजारी, हवेत धरला. मग मोरीत गेल्या, नळ सोडला आणि कान देऊन उभ्या राहिल्या. समिधा, त्यांना सहा वर्षं दिसत नाही. कुणाला कळू दिलं नाही, कारण कळलं तर पोरगा स्वतःकडे नेऊन ठेवेल. बादली भरत आली की पाण्याचा आवाज बदलतो, तो ऐकून त्या नळ बंद करतात. खाली एक थेंब सांडला नाही.

मग त्या मला म्हणाल्या, चेअरमनची तब्येत कशी आहे ते कुणाला तरी विचारायचं होतं. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं. म्हणाल्या, माणूस भला आहे, त्याला बरं वाटू दे. पण पहाटेचा तो ओरडायचा तेव्हा बादली काही ऐकू यायची नाही.

मी त्यांचा हात माझ्या गळ्यावरच्या रुमालावर ठेवला. कळलं त्यांना. बराच वेळ हात काढला नाही.

तेव्हा पुस्तकात दुरुस्ती कर: घोडा. आणि तुझ्या चुकीला मामाचे खास आशीर्वाद, बाकीच्यांना आहेत त्याहून मूठभर जास्त. रविवारी दोघं या, पण खालून हाक मारू नका. वर या.

तुझा,
रघुमामा